आठ महिन्यांचं ऊन

जामसंड्याच्या बाजारात चहाला बसलं की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. "मास्तर, तुमच्या घरावर ते सोलर बसवलंय ना? परवडतं का हो आपल्या कोकणात?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरवलेलं असतं. सोलर हे सोलापूर-जळगावकडच्या लोकांचं काम, आपल्याकडे चार महिने आभाळ गच्च, तेव्हा त्या काचा काय पावसात भिजवायच्या? माझ्या आईने तर हा प्रश्न काचा घरावर चढण्याआधीच विचारला होता. "अरे, जुलयात हंय सूर्य दिसता तरी?"

मी शाळेत इतिहास शिकवला. विजेच्या कामात माझी अक्कल फ्यूज बदलण्यापलीकडे जात नाही. पण आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला विजेच्या पुस्तकांइतकाच आमच्या घराच्या इतिहासाचा उपयोग झाला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

कोकणी माणसाचं वर्ष दोन भागांत विभागलेलं असतं. आठ महिने उन्हाचे, चार महिने पावसाचे. आणि या दोहोंच्या सांध्यावर असते आगोट. मे महिना सरत आला की घराघरांतून आगोटीची बेगमी सुरू व्हायची. घराची शाकारणी, पडवीला झडी बांधणं, लाकूडफाटा आत घेणं ही पुरुषांची कामं. बायकांची कामं त्याहून जास्त आणि सगळी उन्हातली. खळ्यात उकडं भात वाळत घातलेलं, एका बाजूला आमसुलाची सोलं, दुसरीकडे आंबोशी, फणसाची आणि आंब्याची साठं, मिरच्या, पापड, कुळीथ. खाडीकडच्या घरांसमोर सुकट आणि सुका बांगडा. जूनमध्ये दार बंद झालं की बाहेर धो धो पाऊस आणि आत मडक्यांतून, डब्यांतून साठवलेलं वैशाखातलं ऊन. मीठही उन्हाचंच. वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला, तो आपण स्वातंत्र्याच्या इतिहासात शिकवतो. पण मिठागर म्हणजे समुद्राच्या पाण्यावर उन्हाने केलेलं काम, हेही त्याच धड्यात सांगायला हवं.

थोडक्यात, पावसाळ्यात ऊन नसतं हे कोकणाला कोणी नव्याने सांगायला नको. ते गृहीत धरूनच इथला संसार उभा राहिला. आठ महिन्यांच्या उन्हावर बारा महिने काढायचे, हा इथला जुना हिशेब आहे.

पदार्थ साठवता आले, उजेड मात्र साठवता येत नव्हता. माझ्या आजीच्या लहानपणी देवासमोर आणि ओटीवर उंडीच्या बियांचं कडू तेल जळायचं. पुढे रॉकेल आलं. माजघरात चिमणी, पडवीत कंदील आणि लग्नकार्याला भाड्याने आणलेली गॅसबत्ती. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. १९६२ पासून कोयनेची वीज वाहू लागली. कोयनेचं धरण साताऱ्यात, पण पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून वीजघर बांधलं ते चिपळूण तालुक्यात, पोफळीला. म्हणजे वीज कोकणात तयार झाली. ती पहिल्यांदा गेली मात्र मुंबई-पुण्याकडे. मोठमोठ्या मनोऱ्यांवरून तारा डोक्यावरून जात आणि खालच्या वाड्यांत चिमण्या पेटत, हे माझ्या पिढीने पाहिलं आहे. आमच्या घरात पहिला दिवा लागला तो १९७० नंतर, गणपतीच्या आदल्या दिवशी. वडिलांनी बटण दाबलं आणि आजीने त्या बल्बला हात जोडले. त्यानंतर दर पावसाळ्यात पहिल्या वाऱ्याबरोबर तार तुटायची आणि चिमणी पुन्हा खाली उतरायची.

सूर्याशी आमच्या तालुक्याचं एक वेगळंही नातं आहे. जामसंड्याच्या उत्तरेला विजयदुर्ग. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं, त्याच्या पट्ट्यात हा किल्ला येत होता. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून चौथरे दाखवतात. दुर्बिणी लावण्यासाठी ते बांधले आणि लॉकियर साहेबाने तिथूनच हेलियम शोधला, असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात. अलीकडे त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. इतिहासाचा मास्तर म्हणून मला इथे थोडी दुरुस्ती करावी लागते. नॉर्मन लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होते. ग्रहण पाहणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन आंध्रातल्या गुंटूरला होते. लॉकियर यांनी ग्रहण नसताना सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. त्या प्रकाशातली पिवळी रेघ कोणत्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून नव्या द्रव्याला सूर्याचं ग्रीक नाव मिळालं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रॅमसे यांना.

पण ओट्यांची गोष्ट मला वेगळ्या कारणाने आवडते. ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. अशा महिन्यात पश्चिम किनाऱ्यावर सूर्य पाहायला बसायचं म्हणजे आभाळाशी जुगारच. त्या दिवशी भारतात ठिकठिकाणी बसलेल्या निरीक्षकांपैकी काहींना ढगांच्या फटीतून मिळेल तेवढंच पाहावं लागलं. तरी तेवढ्या फटींतून जे दिसलं, त्याने विज्ञान पुढे गेलं.

सूर्यप्रकाशातून थेट वीज निघते हे त्याही आधी कळलं होतं. १८३९ साली फ्रान्समध्ये एदमों बेकरेल या तरुणाने ते दाखवलं. पण कामाचा म्हणावा असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बनला तो १९५४ मध्ये. पडलेल्या प्रकाशातला साधारण ६ टक्के भाग तो विजेत बदलायचा. किंमत इतकी की पहिलं मोठं गिऱ्हाईक निघालं ते अवकाशातलं. १९५८ साली सोडलेल्या व्हॅनगार्ड उपग्रहाला या घटांनी वीज पुरवली. आपल्या देशात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये सौर घट तयार केला. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेसाठी वेगळा विभाग निघाला.

त्याच दशकात देशातले जे पहिले मोजके पवनऊर्जा प्रात्यक्षिक प्रकल्प उभे राहिले, त्यांत आमचं देवगड होतं. किल्ल्याकडच्या कड्यावर पांढरी पाती फिरू लागली तेव्हा शाळेच्या सहली तिकडे वळल्या. मीही मुलांना घेऊन गेलो. त्याच सुमारास आमच्या घरी अनुदानावर एक सौरचूल आली. आरसा लावलेली पेटी. आईने त्यात मे महिन्यात भात शिजवला, शेंगदाणे भाजले, आणि ७ जूनला ती पेटी माळ्यावर गेली. पुढच्या वर्षी ती खाली आली नाही. तिच्यात आई सुक्या मिरच्या ठेवू लागली. कोकणात सौर ऊर्जा म्हणजे मिरच्यांची पेटी, हे मत आमच्या घरात तेव्हापासून पक्कं झालं.

ते मत बदलायला मला फार लांबचं उदाहरण कामी आलं. जर्मनी. आपल्या मानाने तो ढगाळ, थंड देश. डिसेंबरात तिथे दिवस आठ-साडेआठ तासांचा आणि सूर्य जेमतेम झाडांच्या शेंड्याला. तरीही जर्मनीने १९९० मध्ये 'हजार छपरं' नावाची योजना काढली आणि २००० साली कायदा करून घरच्या छपरावरची वीज २० वर्षं ठरलेल्या दराने विकत घेण्याची हमी दिली. लाखो घरांवर काचा चढल्या. मागणी वाढली, कारखाने वाढले आणि साऱ्या जगात या काचांची किंमत कोसळत गेली. आज आपल्याला त्या परवडू लागल्या, त्यात ढगाळ देशातल्या त्या गिऱ्हाइकांचा मोठा वाटा आहे.

आता आकडे बघू. जर्मनीत एक किलोवॅटच्या काचा वर्षाला साधारण ९०० ते १,००० युनिट वीज देतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर, चार महिन्यांचा पावसाळा धरूनही, तेवढ्याच काचा साधारण १,३०० युनिट देतात. विदर्भ-मराठवाड्यात यापेक्षा थोडी जास्त मिळते, पण फरक लोकांना वाटतो तेवढा नाही. याची कारणं साधी आहेत. काचेला उजेड लागतो, उष्णता नको असते. काच तापली की दर अंशामागे तिची वीज साधारण ०.४ टक्क्यांनी घटते. चंद्रपूरच्या ४५ अंशांत काच भाजून निघते, आमच्याकडे मे महिन्यातही समुद्राचा वारा असतो. शिवाय ढगातूनही पसरलेला उजेड येतोच, त्यावर काच मंद का होईना चालते. आणि धूळ धुवायला पाऊस फुकट.

मी २०१९ च्या दिवाळीनंतर दोन किलोवॅटच्या काचा बसवल्या आणि रोज संध्याकाळी मीटरचा आकडा वहीत लिहायला लागलो. जुलैचा आकडा एप्रिलच्या निम्म्याहूनही खाली गेला. सलग तीन दिवस झड लागली तर मीटर जणू झोपून गेलं. आई म्हणाली, "सांगलंय नाय मी?" मी तिला म्हटलं, "आई, तू जुलैत आंबे वाळत घालतेस का?"

खरं म्हणजे सगळा मुद्दा इथे आहे. महिन्याचा हिशेब केला तर कोकणात सोलर तोट्याचं, वर्षाचा केला तर फायद्याचं. पण वर्षाचा हिशेब करायचा तर मे महिन्यातली जादा वीज कुठे तरी साठायला हवी. बॅटरीत ती दोन-चार रात्री राहते, चार महिने नाही. हे साठवणीचं काम कागदावर झालं ते २०१५ मध्ये. राज्य वीज नियामक आयोगाने त्या वर्षी छपरावरच्या विजेसाठी नेट मीटरचे नियम केले. दिवसा घरात वापरून उरलेली वीज तारेवर जाते, मीटर ती मोजतं, ते युनिट आपल्या नावे जमा होतात आणि पुढच्या महिन्यांच्या बिलातून वळते होतात. हे खातं आर्थिक वर्षापुरतं चालतं. ३१ मार्चनंतर उरलेले युनिट कंपनी ठरावीक दराने घेते आणि खातं नव्याने सुरू होतं. गंमत बघा, ही तारीख ठरवणाऱ्याच्या डोक्यात कोकण नक्कीच नसेल, पण ती आपल्या सोयीची पडली. एप्रिल-मे हे भरघोस उन्हाचे महिने वर्षाच्या सुरुवातीला येतात आणि त्यांची शिल्लक थेट पावसाळ्यात कामी येते. आगोटीची बेगमीच ती, फक्त मडकं आपल्या घरात नाही, वीज कंपनीच्या वहीत आहे.

म्हणूनच त्या वहीवर लक्ष ठेवायला हवं. नियम मधूनमधून बदलतात. उद्या मे महिन्याचं युनिट जुलैत वापरू द्यायचं नाही असं ठरलं, तर सोलापूरचं थोडं नुकसान होईल आणि कोकणाचं सारं गणितच मोडेल. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम वाचावा, आणि आपल्या लोकप्रतिनिधींनीही तो वाचावा.

खर्चाचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली' योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. योजनेने पहिल्या दोन किलोवॅटसाठी धरलेला आधारभूत खर्च किलोवॅटमागे ५० हजार होता. प्रत्यक्षात किनाऱ्यावर त्यापेक्षा जास्त लागतो, कारण खाऱ्या हवेत साधा लोखंडी सांगाडा टिकत नाही. जस्ताचा जाड मुलामा दिलेला सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट हवेत. इथे केलेली काटकसर तिसऱ्या पावसाळ्यात गंजून दिसते.

मग परवडतं कोणाला? वर्षभर नांदत्या घराला, जिथे महिन्याला दीडशे-दोनशे युनिट वीज लागते. शंभर युनिटांच्या पुढे दर जवळजवळ दुप्पट होतो आणि काचा आधी तीच महाग वीज वाचवतात. माझ्या हिशेबाने अशा घराचा खर्च तीन ते पाच वर्षांत वसूल होतो आणि काचा २५ वर्षं चालाव्यात अशी अपेक्षा असते. मधे एकदा-दोनदा इन्व्हर्टर बदलावा लागेल, तो खर्च आधीच धरावा.

आणि परवडत नाही कोणाला? दोन म्हातारी माणसं, दोन बल्ब, एक पंखा, महिन्याला पन्नास-साठ युनिट, अशा घराला वसुलीला आठ-दहा वर्षं लागतील. मुंबईकरांच्या बंद घराला तर त्याहून कमी उपयोग. ते घर उघडतं मे महिन्यात आणि गणपतीत. गणपतीत घरात पंचवीस माणसं, मखरावर माळा, रात्रभर भजनं, म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा खप आणि आभाळही नेमकं भरलेलं. कौलारू घराचाही प्रश्न आहे. मंगलोरी कौलांवर काचांचा भार थेट टाकता येत नाही, खालच्या वाशांपर्यंत आधार न्यावा लागतो किंवा खळ्यात वेगळा मांडव उभारावा लागतो. आणि शेवटचा प्रश्न झाडांचा. एका माडाची सावली काचेच्या एका कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटते. माझ्याकडे आलेल्या माणसाने सरळ सांगितलं, दक्षिणेकडचा फणस तोडा. तो फणस आजोबांनी लावलेला. मी काचा पश्चिमेकडे सरकवल्या आणि थोडी वीज कमी घेतली. शंभर वर्षांचं झाड पंचवीस वर्षांच्या काचेसाठी तोडणं मला हिशेबात बसेना.

एक धडा मात्र मला फार महाग पडला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. रात्रभर माड आडवे होत होते. सकाळी खांब रस्त्यावर आणि तारा बागेत. मला वाटलं, आपल्या घराला काळजी नाही. काचा शाबूत होत्या. दोन दिवसांनी ऊनही पडलं, स्वच्छ, धुतलेलं. आणि घरात काळोख! पंप बंद, म्हणून पाणी नाही. आईला दम्यासाठी वाफेचं यंत्र लागतं, तेही बंद. छपरावर ऊन आणि खाली मी बटणं दाबतोय.

नंतर कळलं ते असं. तारेला जोडलेला साधा इन्व्हर्टर तारेतला प्रवाह गेला की स्वतःही बंद होतो. तो तसा असायलाच हवा. नाही तर आपल्या घरातली वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर काम करणारा वायरमन जिवाला मुकेल. कारण चोख होतं. पण बसवताना कोणी हे सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. शेजारच्या वहिनींकडे बॅटरीचा जुना इन्व्हर्टर होता, त्यांच्याकडे आईला नेऊन बसवलं. घरात मी विहिरीवर कप्पी लावली, माळ्यावरची चिमणी खाली काढली. ती पेटवायला रॉकेल मिळेना. चिमणी होती आणि तेलाचं युग संपलं होतं.

म्हणून कोकणात सोलर घेणाऱ्याला मी आता दोन वेगळे प्रश्न विचारतो. बिल कमी करायचंय की वादळात उजेड हवाय? पहिल्याला नेट मीटर पुरतं. दुसऱ्याला बॅटरीची जोड लागते, तीही अशी की तार गेली तर घर आपोआप तुटक होऊन काचांवर चालेल. त्याला पैसे जास्त पडतात, ते बिलातून फिटत नाहीत. तो खर्च शाकारणीसारखा धरायचा. आम्ही नंतर छोटी बॅटरी बसवली. तिच्यावर तीन दिवे, एक पंखा आणि आईचं यंत्र चालतं.

आणखी एक गोष्ट आईला सांगितली, ती तिला पटली. जुलैत ज्या ढगांनी आपल्या काचा झाकतात, तेच ढग पुढे सह्याद्रीला जाऊन कोयना भरतात. तेव्हाच सड्यांवर, घाटमाथ्यावर वारा सुटतो आणि पवनचक्क्या सगळ्यात जोरात फिरतात. म्हणजे तारेतून पावसाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या विजेत तेच ढग आणि तोच वारा असतो. आपण मे महिन्यात ऊन द्यायचं, जुलैत पाऊस घ्यायचा. वाडीत पूर्वी भाताच्या बदल्यात मासळी मिळायची, तसंच काहीसं.

परवा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा आमच्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली पायाशी नाहीशी होते, तेव्हा आई खळ्यात सोलं परतत होती. वय झालं, पण आगोटीची यादी तिच्या तोंडपाठ आहे. तांदूळ, सुकट, मीठ, आंबोशी, सगळं म्हणून झाल्यावर तिने वर छपराकडे पाहिलं आणि मला विचारलं, "आरसे पुसलंस मां?"

मी शिडी आणायला गेलो.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)